चेरोकी नेशन: हातात सरकार नसेल तर भाषा-संस्कृती टिकते का?

रानवाट

ओक्लाहोमाच्या ईशान्य भागात राहायला आल्यापासून हा विषय डोक्यात घोळतोय. इथल्या कितीतरी गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'चेरोकी नेशन' असं लिहिलेलं असतं. टालेक्वा गावात रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीसोबत चेरोकी लिपी दिसते. दवाखाने, घरबांधणी, शिष्यवृत्त्या, पोलीस, कोर्ट हे सगळं चालवणारं एक वेगळंच सरकार इथे आहे, आणि भारतातून आलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा पत्ताही नसतो.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता असलेल्या चेरोकींच्या तीन जमाती आहेत. चेरोकी नेशन सगळ्यात मोठी, साडेचार लाखांहून जास्त नागरिक. युनायटेड कीटूवा बँड ही दुसरी. या दोघींची मुख्यालयं टालेक्वातच. तिसरी ईस्टर्न बँड, ती तिकडे नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात.

चेरोकी नेशनची स्वतःची राज्यघटना आहे. पहिली लेखी घटना 1827 ची, तेव्हा हे लोक जॉर्जिया आणि आसपासच्या मुलखात होते. तिथून हाकलून इकडे आणल्यावर 1839 मध्ये दुसरी केली. सध्याची घटना 2003 मध्ये मतदारांनी मंजूर केली. प्रिन्सिपल चीफ आणि डेप्युटी चीफ थेट मतदानानं चार वर्षांसाठी निवडले जातात. ट्रायबल कौन्सिलवर 17 जण: 15 जिल्ह्यांतून आणि 2 बाहेरगावी राहणाऱ्या नागरिकांचे. शिवाय स्वतःचं सर्वोच्च न्यायालय, अ‍ॅटर्नी जनरल आणि मार्शल.

माझं मत असं की भाषा, नाच, विणकाम, बी-बियाणं हे नुसत्या प्रेमावर टिकत नाही. कर बसवता आला पाहिजे, कायदा करता आला पाहिजे, शाळा काढता आली पाहिजे. चेरोकींकडे ते आहे म्हणून ते आज उभे आहेत. तुम्हाला काय वाटतं?

बोरूबहाद्दर

मस्त विषय. एक शंका: हे सगळं कसिनोच्या पैशावर चालतं ना? मी ऐकलंय की प्रत्येक माणसाला घरबसल्या चेक येतो.

रानवाट

@बोरूबहाद्दर, चेरोकी नेशनमध्ये तसा चेक येत नाही. कसिनो, हॉटेलं, सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्या हे सगळं जमातीच्या मालकीचं आहे. नफ्याचा ठरलेला भाग सरकारी तिजोरीत येतो, बाकीचा नवीन धंदे आणि नोकऱ्यांसाठी पुन्हा गुंतवला जातो. तिजोरीतून दवाखाने, घरं, शाळा. नंबरप्लेटच्या उत्पन्नातले 38 टक्के इथल्या सार्वजनिक शाळांना जातात, आणि त्या शाळांत चेरोकी नसलेली मुलंही शिकतात. माझ्या शेजाऱ्यांची मुलं त्यातलीच.

धुक्यातलागाव

चेकची गोष्ट आमच्याकडची. मी नॉर्थ कॅरोलायनात, ईस्टर्न बँडच्या गावापासून फार लांब नाही. तिथला कसिनो 1997 मध्ये सुरू झाला आणि नफ्याचा वाटा वर्षातून दोनदा सभासदांना मिळतो. लहान मुलांचा वाटा ट्रस्टमध्ये साठत राहतो. त्यावर उलटसुलट मतं आहेत, पण मुलांच्या शिक्षणाला त्या पैशांचा आधार झाला हे मी स्वतः ओळखीच्या दोन घरांत पाहिलंय.

आता मूळ मुद्द्याकडे. 1838 मध्ये चेरोकींना पश्चिमेला हाकललं तेव्हा इथले लोक गेले नाहीत. काही जण डोंगरात लपले, काहींना राज्यात राहायची मुभा होती. त्यांना जमीन विकत घ्यायचा हक्क नव्हता, म्हणून विल्यम हॉलंड थॉमस या गोऱ्या व्यापाऱ्यानं स्वतःच्या नावावर जमिनी घेतल्या. योनागुस्का नावाच्या प्रमुखानं त्याला लहानपणी मुलगा मानलं होतं. त्या जमिनींचा आजचा पसारा म्हणजे क्वाला बाउंड्री. त्यामुळे ही सरकारनं दिलेली रिझर्वेशन (जमातीसाठी राखून ठेवलेला प्रदेश) नाही, विकत घेतलेली भूमी आहे. 1996 मध्ये त्यांनी किटूवाचा टेकाडवजा ढिगाराही विकत घेतला, जिथून चेरोकी आपला उगम मानतात. मध्यंतरी तिथे शेती आणि धावपट्टी होती.

आणि रानभाज्यांच्या चाहत्यांसाठी: सोचान नावाची पालेभाजी हे लोक वसंतात खातात. ती स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कात भरपूर उगवते, पण उद्यानात पान तोडणं गुन्हा. ज्या जमिनीवर आज्या भाजी खुडत होत्या तिथेच बंदी! 2019 मध्ये जमातीचा आणि पार्कचा करार झाला आणि सभासदांना परवान्यावर सोचान तोडता येऊ लागली. असा करार व्हायला वाटाघाटीला बसणारं सरकार लागतं. म्हणून रानवाट ताईंशी मी सहमत.

उलटतपासणी

मी असहमत, आणि कारण देतो.

1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा चेरोकी सरकार जवळजवळ मोडीत निघालं होतं. सामाईक जमीन तुकडे करून माणशी वाटून टाकली होती. त्यानंतर प्रिन्सिपल चीफ कोण हे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरवायचा, कधीकधी एखाद्या कागदावर सही करण्यापुरता एका दिवसाचा चीफ नेमायचे. थेट निवडणूक 1971 मध्ये परत आली. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं सरकार नव्हतंच. त्या काळात भाषा मेली का? उलट तेव्हा बोलणारे आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये चेरोकी लिपीतलं बायबल वाचलं जात होतं, चेरोकीत भजनं म्हणत होते. रेडबर्ड स्मिथसारख्या माणसानं जमीनवाटपाला विरोध केला, तुरुंगात गेला आणि स्टॉम्प डान्सची, म्हणजे त्यांच्या पारंपरिक धार्मिक नाचाची, रिंगणं पुन्हा पेटती केली. त्याच्यामागे कुठली तिजोरी होती?

आणि आज तिजोरी भरलेली असताना जन्मापासून चेरोकी बोलणारे सुमारे दोन हजारच उरलेत. मग सरकारमुळे भाषा टिकते हे कसं?

टपालपेटी

पुण्यातल्या आमच्या मेव्हण्यांना आपल्या 'जीप ग्रँड चेरोकी' गाडीचा भारी अभिमान. 2021 मध्ये प्रिन्सिपल चीफ चक हॉस्किन ज्युनियर यांनी गाडीवर आमचं नाव लावणं आता थांबवावं असं जाहीरपणे म्हटलं होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. आता संपूर्ण कुटुंब हा धागा वाचतंय. येऊ द्या अजून!

पाटीपेन्सिल

लिपीवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. शिक्षिका आहे, राहवत नाही.

सेक्वोया या माणसाला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. गोऱ्यांच्या कागदांना तो 'बोलणारी पानं' म्हणायचा असं सांगतात. त्यानं बारा-एक वर्षं खपून 1821 मध्ये चेरोकीसाठी लिपी पूर्ण केली. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून आपल्या लहान मुलीला, आयोकाला, दूर उभं करून निरोप लिहून वाचवून दाखवला. 1825 मध्ये नेशननं ती लिपी स्वीकारली. काही वर्षांतच चेरोकींमध्ये साक्षरता आसपासच्या गोऱ्या वस्तीपेक्षा वर गेली.

आपल्या बाराखडीत क, कि, कु यांत 'क' दिसत राहतो. चेरोकीत तसं नाही, प्रत्येक अक्षराला, म्हणजे उच्चाराच्या तुकड्याला, पूर्ण वेगळं चिन्ह. एकूण 85. काही चिन्हं रोमन लिपीसारखी दिसतात पण उच्चार भलताच, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याची हमखास फसगत.

1828 मध्ये न्यू एकोटा या राजधानीत 'चेरोकी फीनिक्स' हे वर्तमानपत्र सुरू झालं, इंग्रजी आणि चेरोकी शेजारी-शेजारी. आपल्या 'दर्पण'च्या चार वर्षं आधी! ते आजही टालेक्वातून निघतं, आणि संपादकांवर चीफनं दबाव आणू नये म्हणून नेशननं 2000 मध्ये स्वतंत्र वृत्तपत्राचा कायदा केला.

@उलटतपासणी, म्हणजे लिपी एका माणसाची, पण ती घरोघरी पोचली ती सरकारनं स्वीकारून छापखाना काढला म्हणून.

रानवाट

@उलटतपासणी, तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण तेव्हा भाषा टिकली ती एकांतामुळे. डोंगरकपारीतल्या वस्त्यांना रस्ते नव्हते, वीज नव्हती. शाळांत मात्र मुलांना चेरोकी बोलल्याबद्दल मार बसायचा. त्या मुलांनी मोठं झाल्यावर आपल्या मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं, पुन्हा तो मार नको म्हणून. पडझड तिथून सुरू झाली, आणि नेमकं तेव्हा ती थांबवायला सरकार नव्हतं. आजचे दोन हजार हे त्या काळाचं बिल आहे.

सध्याचं सांगते. 2019 मध्ये तिन्ही जमातींनी मिळून भाषेबाबत आणीबाणी जाहीर केली. त्याच वर्षी चेरोकी नेशननं भाषेसाठी 1 कोटी 60 लाख डॉलरचा कायदा केला, ड्युर्बिन फीलिंग यांच्या नावानं. 1975 चा चेरोकी-इंग्रजी शब्दकोश त्यांचा. टालेक्वातला जुना कसिनो बंद झाला होता. त्याच इमारतीत 2022 मध्ये भाषा केंद्र उघडलं. जिथे जुगाराची यंत्रं होती तिथे आता लहान मुलं दिवसभर चेरोकीत गणित शिकतात. शेजारी छोटी घरं बांधलीत, ती अस्खलित बोलणाऱ्या ज्येष्ठांसाठी, म्हणजे शिकणाऱ्यांना दार ठोठावून बोलता यावं.

आणि एक गोष्ट मला फार भिडली. डिसेंबर 2020 मध्ये करोनाची लस आली तेव्हा नेशननं पहिल्या रांगेत दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांबरोबर चेरोकी बोलणाऱ्यांना बसवलं. लस कुणाला आधी हे ठरवायचा अधिकार हातात होता म्हणून ते जमलं.

उलटतपासणी

लसीची गोष्ट वाचून थांबलो थोडा. चांगलं उदाहरण आहे. तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही.

विल्मा मॅनकिलर हे नाव बऱ्याच जणांना माहीत असेल. 1985 ते 1995 प्रिन्सिपल चीफ, त्या पदावरची पहिली स्त्री. ती चीफ होण्याआधीचं काम बघा. बेल नावाचं गरीब खेडं, बरीचशी घरं चेरोकी बोलणारी, कितीतरी घरांत नळ नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं आणि चार्ली सोप यांनी गावकऱ्यांना सांगितलं की सामान आणि तांत्रिक मदत मिळवू, पण चर तुम्ही खणायचा. प्रत्येक कुटुंबानं आपल्या वाट्याची लांबी घेतली. बाहेरचे म्हणत होते, हे लोक काम करणार नाहीत. सुमारे 16 मैल पाइपलाइन त्यांनी घातली. बायका, म्हातारी माणसं सगळी चरावर. त्या बैठका चेरोकीत होत होत्या.

याला ते लोक गदुगी म्हणतात, सगळ्यांनी मिळून एकमेकांचं काम उरकायची रीत. सरकार नसतानाही ती होती. सरकारनं फक्त पाइप दिले.

पाटीपेन्सिल

पण पाइप दिले ना! :)

ता.क. 2022 मध्ये मॅनकिलर यांचं चित्र असलेलं अमेरिकन क्वार्टर नाणं निघालं. त्यावर 'चेरोकी नेशन' हे शब्द सेक्वोयाच्या लिपीत आहेत. तिकडे राहणाऱ्यांनो, सुटे पैसे नीट बघा.

कोर्टकचेरी

सरकार असणं-नसणं हे चेरोकींच्या मर्जीवर नव्हतं, त्यामुळे कायद्याची बाजू मांडतो.

1831 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं चेरोकींना 'देशांतर्गत परावलंबी राष्ट्र' म्हटलं. पुढच्याच वर्षी वूस्टर विरुद्ध जॉर्जिया खटल्यात सांगितलं की चेरोकी मुलखात जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. निकाल चेरोकींच्या बाजूनं, अंमलबजावणी शून्य. 1835 मध्ये मूठभर लोकांनी न्यू एकोटाच्या तहावर सह्या केल्या. चीफ जॉन रॉस आणि बहुसंख्य जनता विरोधात होती, हजारो सह्यांचा अर्ज गेला, तरी सिनेटनं दोन-तृतीयांशाची अट जेमतेम एका मतानं गाठून तह मंजूर केला. 1838-39 मध्ये सुमारे 16 हजार लोकांना पश्चिमेला हाकललं. त्यात अंदाजे चार हजार मेले.

त्याच तहात सातव्या कलमात चेरोकींना अमेरिकन प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी पाठवायचा हक्क दिलाय. 2019 मध्ये नेशननं किम टीही यांचं नाव दिलं, 2022 मध्ये सभागृहाच्या समितीपुढे सुनावणीही झाली, पण जागा मिळालेली नाही.

2020 च्या मॅकगर्ट निकालानं मस्कोगी जमातीची रिझर्वेशन कधी रद्दच झाली नव्हती असं ठरलं. 2021 मध्ये ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयानं तेच चेरोकींना लागू केलं. 14 काउंट्यांचा प्रदेश. एका रात्रीत, जमातींच्या लोकांचा संबंध असलेल्या गुन्ह्यांचे खटले राज्याकडून केंद्राकडे आणि जमातीच्या कोर्टांकडे आले, आणि नेशनला वकील, न्यायाधीश, मार्शल घाईनं वाढवावे लागले. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातला काही अधिकार राज्याला परत दिला. हे कधी संपणारं भांडण नाही.

काळीमाती

सगळे कौतुक करतायत, करावंच. पण एक प्रश्न टाळू नका. श्रीमंत चेरोकींनी काळे गुलाम ठेवले होते. 1866 च्या तहात त्या मुक्त झालेल्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना चेरोकींचे सगळे हक्क दिले. 2007 मध्ये मतदान घेऊन सुमारे 2,800 वंशजांना नागरिकत्वातून काढलं. मतदान रीतसर, घटनेनुसार. म्हणजे स्वतःचं सरकार आपल्याच माणसांना बाहेरही काढू शकतं. ज्यांचे पूर्वज त्याच वाटेनं चालत आले, तिथेच मेले, त्यांना सांगायचं की तुम्ही आमचे नाही? मला हे वाचून राग आला होता, अजून येतो.

कोर्टकचेरी

@काळीमाती, राग रास्त आहे. पुढचं सांगतो: 2017 मध्ये केंद्रीय न्यायालयानं वंशजांच्या बाजूनं निकाल दिला. नेशननं तो मान्य केला, आणि 2021 मध्ये चेरोकींच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयानं घटनेतले 'रक्तानं' हे शब्दच काढून टाकले.

आज चेरोकी नेशनचं नागरिकत्व जुन्या डॉज रोलवर (जमीनवाटपाच्या वेळी केलेल्या नावांच्या यादीवर) पूर्वजाचं नाव असेल तर मिळतं, रक्ताचं प्रमाण बघत नाहीत. ईस्टर्न बँडला 1924 च्या बेकर रोलवर पूर्वज आणि किमान एक-सोळांश रक्त लागतं. कीटूवा बँडला एक-चतुर्थांश. 'माझी पणजी चेरोकी राजकन्या होती' असं सांगणारे अमेरिकेत पैशाला पासरी, पण तिन्ही जमाती म्हणतात, कागद दाखवा.

इंद्रावतीकाठ

मी गडचिरोलीचा. आमच्याकडे पेसा कायदा आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत, मेंढा-लेखाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. तुमच्या चर्चेतून एक फरक कळला. आमचे अधिकार संसदेनं 1996 मध्ये दिले. चेरोकींचे तह दोन राष्ट्रांमधले. ते म्हणतात, अधिकार आमच्याकडे होतेच. पण आमच्या गावांकडे मार्शल, कोर्ट, दवाखाना यांतलं काहीच नाही. माडिया बोलणाऱ्या मुलांना पहिलीपासून मराठीत शिकावं लागतं. त्यामुळे रानवाट ताईंच्या बाजूनं माझं मत.

वेलीवरचाभोपळा

बियाण्यांबद्दल कुणी बोललं नाही! चेरोकी नेशनची बियाणं पेढी 2006 पासून आहे. नागरिकांना दरवर्षी मका, घेवडा, दुधी, तंबाखू अशी जुनी वाणं पाकिटातून फुकट पाठवतात. 2020 मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या बर्फातल्या पेढीत त्यांनी आपली नऊ वाणं ठेवली. अमेरिकेतल्या जमातींमध्ये हा पहिला मान त्यांचा. त्यातल्या पांढऱ्या गरुड मक्याच्या निळ्या-पांढऱ्या दाण्यांवर कधीकधी पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी नक्षी उठते. हाच मका चेरोकींसोबत त्या वाटेनं पश्चिमेला आला असं मानतात.

सुईदोरा

टालेक्वाला टोपल्या विणताना पाहिलंय, ते सांगते. बकब्रश नावाच्या झुडपाच्या लांब काटक्या आणतात, उकळतात, मग फडक्यानं घासून साल काढतात, आतली गुळगुळीत पांढरी काडी उरते. काळ्या अक्रोडाच्या टरफलात शिजवली की गडद तपकिरी. टोपली दुहेरी भिंतीची. आतली भिंत काठापर्यंत विणत नेतात, तिथून काड्या बाहेर दुमडून खाली येतात आणि बुडाशी संपतात. त्यामुळे कडेला टोक कुठेच दिसत नाही. विणणाऱ्या बाई म्हणाल्या, तळ वाकडा झाला तर पुढे काही सुधारत नाही, उसवायचं.

नेशन 1988 पासून अशा कारागिरांना 'चेरोकी नॅशनल ट्रेझर' हा मान देतं. त्यांनी पुढच्यांना शिकवावं ही अपेक्षा त्यात आहे. नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर लावून भागत नाही.

बोरूबहाद्दर

चेकच्या शंकेवरून कुठे पोचलो! ते स्टॉम्प डान्सचं रिंगण पाहायला जाता येतं का? डिसेंबरात ओक्लाहोमाला येतोय.

रानवाट

डिसेंबरात नका येऊ, सप्टेंबरच्या लेबर डेच्या सुट्टीत या. तेव्हा चेरोकी नॅशनल हॉलिडे असतो, 1839 च्या घटनेच्या आठवणीत 1953 पासून. मिरवणूक, चीफचं भाषण, स्टिकबॉल, धनुष्यबाण, सगळं खुलं. स्टॉम्प डान्सचं प्रात्यक्षिक तिथे बघता येतं. बायका पोटऱ्यांना कासवाच्या कवचांचे खुळखुळे बांधतात आणि सगळा ताल त्यांच्या पायांतून येतो, त्या नसतील तर नाच सुरूच होत नाही. पण रात्रीची खरी रिंगणं ही पूजा आहे. बोलावलं तरच जावं, आणि फोन खिशात ठेवावा.

उलटतपासणी

रानवाट ताई, शेवटचा प्रश्न. शाळेतली मुलं चेरोकीत गणित शिकतात, पण घरी कुणाशी बोलणार? आईबाप तर इंग्रजीवाले. ही फट सरकार कशी भरणार?

रानवाट

तोच खरा अडलेला भाग आहे. त्यासाठी मोठ्यांचा वेगळा कार्यक्रम आहे, दशकभरापूर्वी सुरू झालेला. दोन वर्षं, आठवड्याला 40 तास, अस्खलित बोलणाऱ्या ज्येष्ठांसोबत बसायचं, आणि त्याचा पगार मिळतो. नोकरी सोडून भाषा शिकणं कुणाला परवडणार, म्हणून पगार. बाहेर पडलेल्यांतले कितीतरी त्याच मुलांच्या शाळेत शिकवायला लागले. काही जण आता घरी बाळाशी चेरोकीतच बोलतात. संख्या अजून थोडी आहे, आणि म्हातारी माणसं दरवर्षी जातायत. बेलच्या पाइपलाइनसारखं इथेही चर लोकांनाच खणावा लागतोय, हे तुमचं म्हणणं मला मान्य. पगार मात्र तिजोरीतून येतोय.